शिकवलं त्यांनी, घ्यायचं कुणी?

मैत्रिणींनो, आपल्या अचलपूर-परतवाड्यातल्या मुलीही आता आयटीआयला जातात. वीजतंत्री, कोपा, शिवणकाम असं काहीतरी शिकतात. मग शिकाऊ उमेदवारी, म्हणजे अप्रेंटिसशिप करायला अमरावती-अकोल्याला खोली करून राहतात. 2020 मध्ये फिनले मिल बंद पडली, तेव्हापासून गावात काम मिळणं आणखीच अवघड झालंय.

बचत गटातल्या एक काकू सांगत होत्या, "काय सांगू ताई, मायी पोरगी वर्षभर तेथं राबली. सारं काम शिकली. अन् आता ते नव्या पोरीले घेऊन राहिले!" गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय?

जिनं शिकवलं त्या कंपनीनं नोकरीत आधी तिचाच विचार करायला नको का? हा प्रश्न काही एकट्या काकूंचा नाही. 20 मार्च 2018 ला रेल्वेत शिकाऊ उमेदवारी केलेली मुलं मुंबईत दादर-माटुंग्याच्या रुळांवर उतरली होती. भरतीत त्यांच्यासाठी 20 टक्के जागा राखीव होत्या. त्यांना मात्र सरसकट नोकरी हवी होती.

कायदा काय म्हणतो? 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याप्रमाणे उमेदवार हा कामगार नसतो, आणि त्याला नोकरी देण्याचं बंधनही मालकावर नसतं. पण 1995 साली उत्तर प्रदेशातल्या एसटी महामंडळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की बाकी सगळं सारखं असेल तर बाहेरच्या उमेदवारापेक्षा शिकाऊ उमेदवारी केलेल्याला प्राधान्य द्यावं. 2014 च्या दुरुस्तीनं तर अशा उमेदवारांच्या भरतीचं स्वतःचं धोरण ठरवणं प्रत्येक मालकावर टाकलं आहे.

मला विचाराल तर सरसकट हमी नको. ज्या मुलीला उमेदवारीच मिळाली नाही, तिच्यासाठी दार कायमचं बंद का करायचं? शिवाय सगळ्यांना घ्यावंच लागेल म्हटलं, तर मालक शिकायलाही कुणाला ठेवणार नाहीत. पण दोघी सारख्याच हुशार असतील, तर मान आधी राबलेलीचा. तिनं वर्षभर तुटपुंज्या विद्यावेतनावर काम केलेलं असतं. 2016 च्या राष्ट्रीय योजनेपासून त्या विद्यावेतनातला काही वाटा केंद्र सरकारही उचलतं. म्हणजे पैसा तुमचा-आमचाच. मग दरवर्षी नवी बॅच आणून स्वस्तात काम उरकायचं, याला प्रशिक्षण म्हणायचं का?

म्हणून आयांनो, मुलीनं करारावर सही करण्याआधी तो वाचून घ्या. प्रशिक्षणानंतर तिथंच नोकरी करावी अशी अट त्यात असेल, तर योग्य नोकरी देणं मालकावरही बंधनकारक असतं. अट नसेल तर विचारा, "तुमचं भरतीचं धोरण काय आहे? लेखी दाखवा." विचारायला लाजू नका. लग्न ठरवताना आपण बारीकसारीक चौकशी करतोच की!

आणि हो, आपल्यापैकी कितीजणी शिवणवर्ग, पार्लर, पापड उद्योग चालवतात. मुली शिकायला येतात, सणासुदीला रात्र रात्र हात देतात. उद्या आपल्याकडे पगारी बाई ठेवायची वेळ आली, तर पहिला निरोप कुणाला जाईल? मालकांकडे न्याय मागताना हे उत्तर आपल्यापाशीही तयार हवं.