उताणा पडला तरी हात लावू नका!

मैत्रिणींनो, घरात कोळिष्टक दिसलं की आपला हात आधी केरसुणीकडे जातो. मी तर त्यातली पहिलीच. जाळी काढताना अंगावर कोळी पडला, तर शेजारच्या बिऱ्हाडापर्यंत ऐकू जाईल अशी किंकाळी फोडणारी. त्यामुळे मे महिन्यात शाळेला सुटी लागल्यावर ह्यूस्टनला ताईकडे गेले आणि भाच्याच्या खोलीत काचेच्या पेटीत तो प्राणी पाहिला, तेव्हा माझी काय गत झाली असेल ते तुम्हीच ओळखा. पाय पसरले की माझा तळहात भरेल एवढा, काळाभोर, केसाळ, आणि पायांच्या गुडघ्यांवर शेंदूर फासल्यासारखे नारिंगी पट्टे. नाव राजा!

हा टॅरँटुला जातीचा कोळी मूळचा मेक्सिकोतला. जंगलातून भरमसाट पकडले जाऊ लागले म्हणून १९८५ पासून त्यांच्या देशोदेशीच्या व्यापारावर निर्बंध आहेत. आता पाळायला विकतात ते बहुधा पाळीव कोळ्यांचीच पिल्लं. भाच्यानं वाढदिवसाला कुत्रा मागितला होता. ताईनं 'नको बाई ते केस घरभर' म्हणून नकार दिला आणि तडजोड म्हणून हा आला. केसाळ तो केसाळच! पेटीत खाली आपल्या नारळाच्या काथ्याचा भुसा, एका कोपऱ्यात पाण्याची उथळ वाटी, दुसऱ्या कोपऱ्यात लपायला सालीचा तुकडा. आठवड्यातून एक-दोन रातकिडे दिले की झालं. ना भुंकणं, ना फिरायला नेणं.

तिसऱ्याच दिवशी भाचा शाळेच्या शिबिराला निघाला. जाताना मला पेटीजवळ उभं करून आपल्या मोडक्या-तोडक्या मराठीत म्हणाला, "मावशी, हा दोन महिने जेवला नाही. पोटावरचं टक्कल काळं झालंय. बहुतेक कात टाकणार. तू बघशील ना? फक्त काही करू नको." मी मान डोलावली. खरं सांगते, अर्ध लक्ष गॅसवरच्या भाजीकडे होतं.

दुसऱ्या दिवशी ताई आणि भावोजी कामावर गेले. साडेदहाच्या सुमारास सहज डोकावले, तर राजा पांढऱ्या रेशमी चादरीवर पाय वर करून उताणा! हलत नाही, डुलत नाही. माझ्या पोटात खड्डाच पडला. पोरानं विश्वासानं सोपवलेला जीव आपल्या हाती गेला! ताईला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, गेला वाटतं. तो यायच्या आत टाकून दे. तसाच दुसरा आणून ठेवू, कळायचंही नाही त्याला."

मी कागद आणि सुपली घेऊन आलेसुद्धा. पेटीचं झाकण उचलणार, तोच त्यावर चिकटवलेली चिठ्ठी दिसली. पोरानं माझ्यासाठी वाकड्या देवनागरीत लिहिलं होतं, 'उलटा आहे म्हंजे मेला नाही.'

मी मटकन खुर्चीतच बसले.

मागाहून भाच्यानं सगळं समजावलं ते असं. कोळ्याच्या पायांचे मुख्य सांधे वाकवायला स्नायू असतात, पण सरळ करायला नसतात. ते काम अंगातल्या रक्ताच्या दाबानं होतं. कोळी मरतो तेव्हा तो दाब जातो आणि पाय आपोआप मुठीसारखे पोटाखाली आवळले जातात. म्हणजे मेलेला कोळी बहुधा सुलटा, पाय आखडलेला असतो. उताणा, पाय सैल सोडलेला दिसला, तर तो कात टाकायच्या तयारीत आहे असं धरून चालावं. ती पांढरी चादर त्यानं त्यासाठीच विणलेली असते.

पण चिठ्ठीच्या खाली आणखी एक ओळ होती: 'किडा आत नको.' आणि आत किडा होता! आदल्या रात्री ताईलाच राहवलं नव्हतं. "दोन महिने उपाशी कसा ठेवायचा गं मुक्या जीवाला," म्हणून तिनं मायेनं एक रातकिडा सोडला होता. आता हा रातकिडा तसा गरीब. पण कात टाकलेला कोळी मेणासारखा मऊ असतो, त्याला प्रतिकार करता येत नाही. भुकेला रातकिडा त्याला कुरतडून जखमी करू शकतो. म्हणजे आता पेटीत हात घालणं आलं.

मी ताईचा पोळ्या उलटायचा लांब चिमटा घेतला (ताई, आता वाचशीलच, तर सांगून टाकते), तोंडाला ओढणी बांधली आणि झाकण हळूच सरकवलं. ओढणी काही उगाच नव्हती. या अमेरिका खंडातल्या कोळ्यांच्या पोटावर खाजकुयलीसारखे बारीक केस असतात. डोळ्यांत गेले तर फारच त्रास. पाच मिनिटं तो रातकिडा मला भोवळ आणत होता. शेवटी सालीच्या टोकाशी सापडला. पेटीला धक्का लागू दिला नाही, एवढं मात्र अभिमानानं सांगीन.

मग जे पाहिलं ते जन्मात विसरणार नाही. आधी डोक्या-छातीवरचं कवच डब्याच्या झाकणासारखं उचकटलं. मग पोटाची कातडी बाजूनं फाटली. आणि मग आठही पाय एकदम, इंचाइंचानं, जुन्या पायांतून बाहेर येऊ लागले. लहान मापाच्या बांगड्या साबण लावून काढताना कसं दोन पावलं पुढं, एक मागं होतं, अगदी तसं. ओढायचं, थांबायचं, पुन्हा ओढायचं. सव्वादोन तास चाललं होतं. एखादा पाय अडकल्यासारखा वाटला की माझेच हात शिवशिवत. पण ओढायला गेलं तर तो मऊ पाय तुटायचा. पायाचं एक वेळ चालतं, पुढच्या एक-दोन कातींत नवा फुटतो. पोटाला इजा झाली तर मात्र जिवावरच बेततं. म्हणून बायांनो, मदतीचा मोह आवरायचा. पाण्याची वाटी भरलेली ठेवायची, पंख्याचा झोत नको, अंगावर पाणी शिंपडायचं नाही, बस्स.

बाहेर आला तेव्हा रंग असा की नुकती रंगवलेली रांगोळी. विषदात मात्र पांढरेशुभ्र! ते आधी लाल आणि मग काळे होतात. पुरते काळे होईपर्यंत खायला द्यायचं नाही. आम्ही दोन आठवडे थांबलो. ताईला बजावून ठेवलं होतं!

माझी आजी मालवणकडची. बाजारातली एखादी कुर्ली दाबून मऊ लागली की म्हणायची, 'हिनं कवच टाकलंय.' तोच हा प्रकार. वाढायचं तर जुना अंगरखा टाकायलाच हवा, कारण तो अंगाबरोबर वाढत नाही. आपल्या घरातले कोळीही हेच करतात. जाळी काढताना आपण जे वाळकोळे 'मेलेले' कोळी झाडून टाकतो, त्यातले कितीतरी नुसती कात असतात. मालक दुसऱ्या कोपऱ्यात मजेत!

आता कुणाचा मुलगा हट्ट धरील, म्हणून एक सांगते. आपल्या सह्याद्रीच्या झाडांच्या ढोलीतही मोठे टॅरँटुला राहतात. सुंदर असतात, पण चावले तर स्नायूंना फार वाईट पेटके येतात. ते रानातच बरे. पकडून आणू देऊ नका.

शिबिराहून परतल्यावर भाचा मला बिलगला आणि लगेच कातीकडे वळला. साबणाच्या पाण्यात भिजवून, हळुवार उलगडून भावोजींच्या भिंगाखाली धरली. कातीबरोबर जठराच्या आतलं अस्तरसुद्धा निघतं म्हणे! पोटाच्या आतल्या बाजूला एक इवलीशी घडी पाहून तो ओरडला, "मावशी, राजा नाही, राणी आहे!" नर प्रौढ झाल्यावर वर्ष-दोन वर्षांतच संपतो, पण मादी पंचवीस वर्षंसुद्धा जगू शकते, हेही त्यानं आनंदानं सांगून टाकलं.

ताईचा हात कणकेतच थांबला. "म्हणजे हा कॉलेजला गेल्यावर," ती माझ्याकडे बघत म्हणाली, "हिला सांभाळायचं कुणी?"