विमानाच्या पंखाला झडप कशाला?

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत एअर इंडियाचे विमान कोसळले आणि २६० माणसे प्राणाला मुकली. त्यानंतर टीव्हीच्या कृपेने खेड्यापाड्यांत एक नवा शब्द पोचला : ‘फ्लॅप’. वैमानिकांनी फ्लॅप उघडलेच नसतील, असे जो तो सांगू लागला. पण फ्लॅप म्हणजे काय?

मोटारसायकलवर मागे बसून पत्र्याचा तुकडा नेला असेल, तर निम्मे उत्तर तुम्हांला ठाऊक आहे. पत्रा आडवा सपाट धरला तर तो निमूट राहतो. पुढची कड जराशी उचलली की वारा त्याला हातातून वर ओढतो. विमानाचा पंख असाच हवेला खाली दाबतो आणि स्वतः वर उचलला जातो. उंचावर ताशी आठ-नऊशे किलोमीटर वेग असतो, तेव्हा सडपातळ पंख पुरतो. उतरताना मात्र वेग अडीचशेच्या आसपास आणावा लागतो. तेवढ्या वेगात त्याच पंखाला विमानाचा भार पेलत नाही. म्हणून पंखाची मागची कड मागे सरकते आणि खाली वाकते. तीच फ्लॅप, म्हणजे झडप. पंख रुंद होतो, बाक वाढतो, उचल वाढते. नांगरटीत उतरणारा बगळा पाहा, तोही पंख पसरून बाक देतो.

पण फुकट काही मिळत नाही. झडप जितकी वाकवावी तितकी हवेची ओढही वाढते. उतरताना ती हवीच असते, म्हणून तेव्हा झडप पुष्कळ वाकवतात. उड्डाणाला थोडीच, जास्त वाकवली तर विमान जमीन लवकर सोडते, पण पुढे चढायला जड जाते.

या हिशेबाला ऊनही लागते. तापलेली हवा विरळ असते, पंखाला उचल कमी मिळते आणि धाव लांबते. लिंबागणेशहून बीडमार्गे संभाजीनगरला जाणाऱ्यांना बीड रस्ता माहीत आहे. २६ एप्रिल १९९३ च्या भर दुपारी चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले इंडियन एअरलाइन्सचे बोइंग ७३७ धावपट्टीपलीकडच्या याच रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या ट्रकला धडकले, पुढे विजेच्या तारांत अडकले आणि पडले. ११८ पैकी ५५ जण दगावले. चौकशीत ठपका ठेवला तो नाक उशिरा व चुकीच्या रीतीने उचलल्याचा, आणि रस्त्यावरची वाहतूक न अडवल्याचा. फ्लॅपचा नव्हे.

फ्लॅप खरोखरच विसरले गेले ते अमेरिकेत डेट्रॉइटला, १६ ऑगस्ट १९८७ रोजी. धोक्याची सूचना देणाऱ्या यंत्राला वीजच मिळाली नव्हती. विमानातल्या १५५ जणांपैकी चार वर्षांची एक मुलगी तेवढी वाचली.

असल्या प्रसंगाचा सराव प्रवासी घेऊन करता येत नाही. त्यासाठी सिम्युलेटर असतो. सहा हलत्या पायांवर उभी केलेली वैमानिकाची हुबेहूब खोली, समोर पडद्यावर धावपट्टी. आत संगणकात कोष्टके भरलेली असतात : झडप इतके अंश, वेग इतका, नाक इतके वर, तर उचल किती, ओढ किती. हे आकडे वाऱ्याच्या बोगद्यातून आणि खऱ्या विमानाच्या चाचणी-उड्डाणांतून मोजून आणलेले असतात. दोन आकड्यांच्या मधले संगणक प्रमाणाने काढतो, आणि तेही सेकंदाला अनेक वेळा. दांडी ओढली म्हणून झडप लगेच खाली येत नाही. खऱ्यासारखे काही सेकंद लागतात, नाकाचा कल बदलतो, खुर्ची थरथरते. मध्येच शिक्षक बटण दाबून झडपा अडकवतो. मग शिकणाऱ्याला झडपांवाचून, जास्त वेगाने, लांब धावपट्टी धरून उतरावे लागते.

अर्थात यंत्रात जे पेरले तेच उगवते. जे कधी मोजलेच नाही, ते सिम्युलेटर अंदाजानेच दाखवणार.

अहमदाबादचा प्राथमिक अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. उड्डाणानंतर काही क्षणांतच दोन्ही इंजिनांच्या इंधनाच्या कळा एकामागून एक बंद स्थितीत गेल्याचे त्यात आहे; त्या कशा गेल्या, याचा उलगडा त्यात नाही. आणि आठवडाभर जिला दोष दिला गेला, ती फ्लॅपची दांडी आगीत होरपळलेली, पण उड्डाणाला लागते त्या ५ अंशांच्या खाचेत घट्ट बसलेली सापडली.