थर्मल प्लाझ्माने फ्लोरिनयुक्त वायूंचे विघटन
कार्बन-फ्लोरिन बंध अतिशय चिवट असतो. एचसीएफसी-२२ तयार होताना उपपदार्थ म्हणून निघणारा एचएफसी-२३ त्यामुळेच वातावरणात दोनशेहून अधिक वर्षे टिकतो. ऑस्ट्रेलियात विकसित झालेल्या प्लास्कॉन पद्धतीत आर्गॉनमधील विद्युत्-चापाचे तापमान सुमारे १०,००० अंश सेल्सिअसपर्यंत नेतात. तेथे हा बंध क्षणात तुटतो. विद्यार्थी मित्रहो, खरी कसोटी मात्र पुढेच आहे. सुटे अणू थंड होताना पुन्हा जुळून कार्बन टेट्राफ्लोराइड बनू शकते, आणि ते सुमारे ५०,००० वर्षे टिकते! रोगापेक्षा इलाज भयंकर. म्हणून आत वाफ सोडतात: तिचा हायड्रोजन फ्लोरिनला बांधतो, ऑक्सिजन कार्बनला. मिश्रण तत्काळ थंड करून आम्लाचे उदासिनीकरण करतात. त्यासाठी चुना वापरल्यास कॅल्शियम फ्लोराइड मिळते. उद्योगांना लागणारा फ्लोरिन मुळात याच संयुगाच्या खनिजातून येतो.