एका मनगटावर दोन गावं!

दोस्तांनो, मुंबईत सकाळचे साडेदहा वाजलेत. मग लंडनमधल्या ग्रिनिचची प्रमाणवेळ काय? पहाटेचे पाच! आपण साडेपाच तास पुढे. आता एका दमात समुद्र ओलांडणाऱ्या वैमानिकाची पंचाईत बघा. घड्याळ घरच्या वेळेवर ठेवायचं, की पोचायच्या गावच्या?

१९५०च्या दशकात अमेरिकेच्या ‘पॅन ॲम’ कंपनीच्या वैमानिकांसाठी स्वित्झर्लंडच्या रोलेक्सनं ‘जीएमटी-मास्टर’ घड्याळ बनवलं. त्यात चौथा काटा! तासकाटा दिवसात दोन फेऱ्या मारतो, हा मात्र एकच. काचेभोवती २४ तासांचं फिरतं कडं. ते हवं तेवढं फिरवलं, की चौथा काटा दुसऱ्या गावची वेळ दाखवतो. तिथे दिवस आहे की रात्र, तेही कळतं. आत सेल नाही; सारी करामत स्प्रिंगची आणि दातेरी चाकांची!

आता एक गंमत. साडेदहाला काट्यांचं घड्याळ उलटं धरा. आकडे विसरा, फक्त काट्यांच्या जागा बघा. मिनिटकाटा बाराच्या जागी, तासकाटा चार आणि पाचाच्या बरोबर मधे. म्हणजे जवळजवळ ग्रिनिचची वेळ! असं का होतं? घाला आई-बाबांना कोडं!