भाची शोधणारे हेर

दोस्तांनो, आधी एक कोडं. १९५० ते १९५३ या काळात कोरियात मोठं युद्ध झालं. त्यात लढलेले ७००० हून जास्त अमेरिकन सैनिक आजही बेपत्ता म्हणून नोंदलेले आहेत. कधीतरी काही हाडं हाती लागतात. ती कोणाची? हे ठरवण्यासाठी प्रयोगशाळेत हाडांतला मायटोकॉन्ड्रियल डीएनए तपासतात. हा डीएनए मुलांना फक्त आईकडून मिळतो. आता सांगा, ताडून बघायला नमुना कोणाचा घ्यायचा? सैनिकाच्या मुलीचा, पुतण्याचा की भाचीचा?

भाचीचा! मुलीकडे तिच्या आईचा डीएनए असतो, पुतण्याकडे त्याच्या आईचा. भाचीला मात्र तो आजीकडून आईमार्फत मिळालेला, आणि त्याच आजीकडून तो सैनिकालाही मिळाला होता.

पण सत्तर वर्षांनी ही भाची शोधायची कुठे? लग्नानंतर तिच्या आईचं आडनाव बदललं, मग तिचं बदललं, गावही सुटलं. अशा वेळी अमेरिकेचं सैन्य वंशावळ-संशोधकांची, म्हणजे जीनिऑलॉजिस्टांची मदत घेतं. त्यांनी चुकून नावसाधर्म्याच्या भलत्याच घराचं दार ठोठावलं, तर डीएनए जुळणार नाही. मग खरी माणसं वाट बघतच राहणार.

म्हणजे काम जबाबदारीचं! तरीही अमेरिकेत त्याला सरकारी परवाना लागत नाही. कोणीही उठावं आणि दारावर पाटी लावावी. म्हणूनच १९६४ साली ‘बोर्ड फॉर सर्टिफिकेशन ऑफ जीनिऑलॉजिस्ट्स’ हे मंडळ स्थापन झालं. ते उमेदवाराचं काम तपासतं आणि पसंत पडलं तरच प्रमाणपत्र देतं. मग नावापुढे ‘सी.जी.’ ही अक्षरं लावता येतात.

पदवीची अट नाही. तीन तासांचा पेपर नाही. पण इतक्यात हुश्श करू नका! इथे स्वतः केलेल्या कामाची जाडजूड फाइल पाठवावी लागते. एका कुटुंबाच्या किमान तीन पिढ्यांची हकिकत हवी, आणि अमका तमक्याचाच मुलगा हे पुराव्यानिशी दाखवायला हवं. ‘आमच्याकडे सगळे असंच म्हणतात’ हे चालत नाही. एखादं गुंतागुंतीचं कोडं सोडवून दाखवायचं, दुसऱ्या कोणासाठी केलेल्या शोधाचा अहवाल जोडायचा. शिवाय जुन्या हस्ताक्षरातला एक कागद जसाच्या तसा उतरवून काढायचा, मूळ लेखकाच्या चुकांसकट! शाळेत शुद्धलेखन सुधारलं की गुण मिळतात, इथे सुधारलं की जातात.

तयारीला त्यामुळे वर्षं लागतात. जुनी वळणं वाचायची, चर्चच्या नोंदवह्या, जमिनीचे कागद, कोर्टाची मृत्युपत्रं चाळायची. १८९० सालच्या अमेरिकन जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीमुळे वाया गेले. म्हणजे १८८० आणि १९०० यांच्यामध्ये मोठा खड्डा! तो करवसुलीच्या याद्यांसारख्या कागदांनी भरायला शिकावं लागतं.

शब्दही चकवतात. जुन्या कागदांत ‘जॉन सीनियर’ आणि ‘जॉन ज्युनियर’ दिसले की आपण म्हणतो, बाप-लेक. पण कित्येकदा ते एकाच गावातले थोरला जॉन आणि धाकटा जॉन एवढेच असतात, नात्याचा पत्ता नाही! ‘कझिन’चीही तीच गत. आपल्याकडे आतेभाऊ, मामेभाऊ, मावसभाऊ, चुलतभाऊ असे स्वतंत्र शब्द आहेत, म्हणून बरं. तिकडे एकाच शब्दात सगळे, आणि पूर्वी तर पुतण्या-भाचेही त्यात मोडायचे.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न असतो, ‘ही माहिती सांगितली कोणी?’ मृत्यूच्या दाखल्यावर जन्मतारीख लिहिलेली असते, पण ती काही गेलेल्या माणसाने सांगितलेली नसते. सांगणारा जावई असेल, शेजारी असेल. त्याला जन्माचं काय ठाऊक? १९४० च्या जनगणनेत याची छान सोय आहे. घरातल्या ज्या माणसाने उत्तरं दिली, त्याच्या नावाशेजारी वर्तुळात फुली मारायची असा नियम होता.

फाइल गेली की परीक्षक ती वेगवेगळी तपासतात आणि शेरे लिहितात. नापास झालात तर ते शेरे वाचून पुन्हा अर्ज करता येतो. पास झालात तरी दर पाच वर्षांनी नवं काम दाखवावंच लागतं.

तुम्हाला घरच्या घरी सराव करायचाय? आजीला तिच्या आजीचं नाव विचारा आणि पुढे लिहा, ‘आजीने सांगितलं, अमुक तारखेला.’ नाशिक-त्र्यंबकेश्वरला गेलात तर तिथल्या तीर्थोपाध्यांकडे जुन्या वह्या असतात. यात्रेला आलेल्या माणसांची नावं आणि गावं त्यांत लिहून ठेवलेली असतात. तुमच्या पणजोबांचं नाव सापडलं तर वहीत त्याच्यापुढे काय लिहायचं, हे आता तुम्हाला माहीत आहे. आणि आजीने सांगितलेलं नाव वेगळं निघालं, तर खोडू नका. दोन्ही ठेवा आणि तिसरा कागद शोधायला लागा.