रुग्णसेवेची शाळा – भाग ५ : जखम आतून भरते

मागच्या भागात आपण हात धुण्यापाशी थांबलो होतो. आज बरं होण्याविषयी. अंथरुणाला खिळलेला माणूस बरा होतो तेव्हा त्याच्या शरीरात काय चाललेलं असतं, हे रुग्णसहायकाला शिकवायची काय गरज, असं पुष्कळांना वाटतं. मला तर तेच आधी शिकवावंसं वाटतं.

नाशिकला या कामाची मोठी सोय आहे. १९८९ साली स्थापन झालेलं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ गोवर्धनला आहे आणि त्यानं रुग्णसहायकाचा प्रमाणपत्र शिक्षणक्रम मराठीतून आणला. डॉक्टर आणि परिचारिका घडवणाऱ्या महाविद्यालयांचं आरोग्य विज्ञान विद्यापीठही १९९८पासून इथलंच. तरीही वॉर्डातल्या कितीतरी मावशी आणि मामा जुन्या माणसाचं बघून बघूनच शिकतात. कूस बदला, चादर बदला, भांडं द्या. कशासाठी, ते कुणी सांगत नाही.

पडून राहून होणाऱ्या जखमेचंच घ्या. माकडहाड, टाचा, खुबे इथं हाड आणि गादी यांच्यामध्ये कातडी दाबली जाते. ठिबकच्या नळीवर पाय पडला की पुढचं रोप कोरडं राहतं, तसं तिथलं रक्त अडतं आणि पेशी मरू लागतात. म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलायची. हे कळलेली मावशी रात्री तीन वाजताही ते टाळणार नाही. लाल झालेल्या जागेवर ती बोट दाबून बघेल. दाब काढल्यावर जागा क्षणभर फिकी पडून पुन्हा लाल झाली, तर रक्त फिरतं आहे. लालीच हटली नाही, तर जखमेची सुरुवात झाली, लगेच सिस्टरना सांगायचं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथं हात लावून ऊब आणि कडकपणा तपासायचा. अशा जागी तेल किंवा पावडर लावून जोरानं चोळायचं नाही. घरोघर हे मायेनंच केलं जातं, पण आतली दुखावलेली कातडी त्यानं आणखी फाटते. रुग्णाला ओढत वर सरकवणंही तितकंच वाईट. दोघांनी खालच्या चादरीसकट उचलावं.

आणि जखम झालीच तर? मलम ती भरत नाही. पांढऱ्या पेशी आधी घाण साफ करतात, मग नव्या बारीक रक्तवाहिन्या उगवून लालसर दाणेदार मांस वर येतं, शेवटी कडेनं कातडी सरकते. या बांधकामाला प्रथिनं लागतात. ताटातलं अंडं किंवा मटकीची उसळ तशीच परत गेली, तर ते नोंदवणं हाही उपचारच आहे. मधुमेह असेल तर भरणं लांबतं, तिथं नजर अधिक हवी.

आजार म्हणजे शरीराची स्वतःला दुरुस्त करण्याची धडपड, अशी मांडणी फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी ‘नोट्स ऑन नर्सिंग’मध्ये १८६०च्या सुमारास केली. शुश्रूषेनं स्वच्छ हवा, उजेड, शांतता आणि नीट अन्न देऊन त्या धडपडीला वाव द्यायचा. औषधं तेव्हापासून किती बदलली! पण उशापाशी बसणाऱ्याचं काम आजही हेच आहे, आणि ते हलकं मानण्याची आपली सवय मला फार खुपते.

कमी शिकलेल्यांना हे झेपेल का, ही शंका जामखेडनं केव्हाच फेडली. डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७०पासून तिथं आरोग्याचं काम उभं केलं. त्यांच्या ग्रामीण आरोग्यसेविकांपैकी अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या नियमित एकत्र बसत, गावात काय घडलं ते सांगत, आणि कारणासकट शिकत.

म्हणून रुग्णसहायकाची परीक्षा कागदावर कमी आणि खाटेपाशी जास्त व्हावी. कूस बदलून दाखव, आणि का बदललीस ते रुग्णाच्या मुलीला समजावून सांग. पुढच्या आठवड्यात वेदनेविषयी: रुग्ण बोलू शकत नसेल तर ती ओळखायची कशी?