महेश्वरला जाताय? आधी घाट, मग पोहे, साडी शेवटी

इंदूरहून धामनोदमार्गे साधारण ९५ किलोमीटरवर, नर्मदेच्या काठी महेश्वर आहे. ही अहिल्यादेवी होळकरांची राजधानी. १७९५ मध्ये त्यांचं निधन इथेच झालं. सकाळी लवकर पोहोचा, म्हणजे ऊन तापायच्या आत घाट पायी फिरून होतो. किल्ल्यातला त्यांचा साधासा वाडा बघा आणि मग बाजारात गरम पोहे-जिलेबी खा.

साडीची मात्र घाई नको. घाटावरची आणि किल्ल्याच्या भिंतींवरची नक्षीच महेश्वरीच्या काठात उतरली आहे. ती आधी पाहिली, की काठ ओळखू येतात. पारंपरिक साडीत उभा धागा रेशमाचा, आडवा सुताचा. काठ दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो, त्यामुळे साडी उलटसुलट नेसता येते.

यंत्रमागावरची नक्कलही ‘महेश्वरी’ म्हणूनच विकली जाते. ती स्वस्त पडते, पण हातमागावर कित्येक दिवस बसणाऱ्या विणकराचा भाव पाडते. म्हणून हँडलूम मार्क बघा, पक्कं बिल मागा. जमलं तर माग चालू असलेल्या घरातूनच घ्या. अहिल्यादेवींनी वसवलेला हा धंदा आपल्या खरेदीवरच टिकणार आहे.